बर्डीवरचा वजनकाटा

आमच्या घरात कशावरही ताल धरायला मनाई होती. ताटावर चमचा वाजवायचा नाही, बादली उपडी घालून बडवायची नाही, पाढे म्हणता म्हणता पाटीवर बोटं आपटायची नाहीत. शेजारपाजारच्या पोरांना मार बसायचा तो साखर चोरली म्हणून, नाहीतर शाळा बुडवली म्हणून. माझ्या बाबांनी माझ्यावर हात कधीच उगारला नाही. पण माझी बोटं कुठे टकटक करू लागली की ते हातातला पेपर खाली करायचे आणि नुसते बघायचे. ते बघणं माझ्या अजून अंगावर येतं. मी मुकाट्यानं मुठी आवळून बसायची.

तसं आमचं घर काही मुकं नव्हतं. उत्तर नागपुरातल्या वस्तीत दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर, आणि दिवसभर त्यात काही ना काही वाजतच असायचं. पहाटे मिलचा भोंगा, मग बाबांच्या सायकलची कुरकुरणारी चेन, मग नळावर बायकांची भांडणं. ती संपली की आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसायची. तेंदूची भिजलेली पानं ती कातरीनं कापायची तो कचकच आवाज मला झोपेतही ऐकू यायचा. सगळ्या घराला तंबाखूचा वास, अगदी वरणालासुद्धा. सकाळी ज्वारीची भाकर आणि ठेचा, संध्याकाळी भात आणि चण्याची डाळ घातलेली पालकाची पातळ भाजी, रविवारी सुकट. सुकट भाजायला लागली की गल्लीतली मांजरं आमच्या दाराशी येऊन बसायची आणि आई त्यांना म्हणायची, या वं बायांनो, तुमचीच वाट पाहून राहिली होती. माझी आई अशी होती. तिचं अर्धं बोलणं मांजरांशी, अर्धं बाबांना टोमणे मारण्यात जायचं. त्यातून उरलंसुरलं माझ्या वाट्याला.

बाबा मिलमध्ये मागावर होते आणि विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. यातलं दुसरं काम त्यांना जास्त मोठं वाटायचं. तांब्यात निखारे घालून ते स्वतःचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करायचे, आणि तो शर्ट अंगात चढला की त्यांची भाषाही बदलायची. घरी 'मले भूक लागली' म्हणणारा माणूस विहारात 'बंधूंनो आणि भगिनींनो' असं काही खणखणीत म्हणायचा की मला तो आपला बाप वाटायचाच नाही. आई त्यांना सेक्रेटरीसाहेब म्हणायची, आणि ते रागवायचे नाहीत. मला वाटतं, त्यांना ते आवडायचं.

ताल धरायच्या मनाईमागची गोष्ट मला आईकडूनच कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. माझे आजोबा गावात डफडं वाजवायचे. दुसऱ्यांच्या लग्नात, दुसऱ्यांच्या वरातीपुढे. आवडो न आवडो, बोलावलं की जायचं. वाजवायचं मांडवाबाहेर उभं राहून, आणि जेवायचं सगळ्यांच्या मागून, गावाच्या कडेला बसून. बाबा लहान असताना त्यांच्याबरोबर जायचे. मग घरादारानं धम्माची दीक्षा घेतली, आणि घेतल्या दिवशी आजोबांनी डफडं विहिरीत टाकलं. आमच्या घरातल्या कुणी यापुढे कुणाच्या दारात वाजवायचं नाही, असं ठरलं. वस्तीतल्या पुष्कळ घरांनी असंच केलं होतं. या गोष्टीचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. त्या डफड्याबरोबर काय काय बुडालं हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. बाबांनी मात्र त्या विहिरीत जरा जास्तच सामान टाकलं. रेडिओ घरात घेतला नाही. शेजारच्या रेडिओवर गाणं लागलं की दार लोटून घ्यायचे. बातम्या लागल्या की उघडायचे.

अशा घराच्या गल्लीच्या टोकाला श्रावणकाका आणि फुलाकाकू राहायला आले. हे जोडपं उमरेडचं. श्रावणकाका विणकर होते. हातमाग बंद पडला, मिलमध्ये घ्यायचं वय उलटून गेलेलं, आणि दुसरं येत होतं ते एकच, गाणं. उमरेडला असताना ते एसटीनं नागपूरला यायचे, दिवसभर बर्डीच्या बाजारात पेटी वाजवून गायचे आणि शेवटच्या गाडीनं परत जायचे. ती दगदग झेपेना म्हणून त्यांनी आमच्या वस्तीत एक खोली घेतली. काकू ढोलकी वाजवायची. बाईमाणूस ढोलकी वाजवतं हे बघून अर्धी गल्ली दोन दिवस त्यांच्या दारात उभी होती. आईनं पहिल्याच आठवड्यात काकूला विड्यांची पानं कापायला बसवलं आणि त्यांची मैत्री झाली. बाबांनी श्रावणकाकांना नमस्कार केला, विहारात यायचं निमंत्रण दिलं, आणि ते उपजीविकेला काय करतात हे कळल्यावर घरी येऊन गप्प जेवले.

त्या दोघांना मी पहिल्यांदा गाताना पाहिलं ते बर्डीवर. मला बर्डीजवळच्या मोठ्या शाळेत घातलं होतं आणि आई मला गणवेशाचं कापड घ्यायला घेऊन आली होती. कापडाच्या दुकानांच्या ओळीसमोर रस्त्याच्या कडेला एक पिंपळ होता. त्याच्या खाली श्रावणकाका रस्त्याकडे तोंड करून बसले होते, मांडीवर पेटी, आणि शेजारी काकू. बर्डी म्हणजे काय गर्दी सांगावी. रिक्षांच्या घंट्या, बसचे हॉर्न, दुकानाच्या पायरीवर उभं राहून 'या ताई, बघून तर घ्या' म्हणून ओरडणारे नोकर, संत्र्यांच्या गाड्या. त्या सगळ्या कालव्यात काकांनी आवाज वर नेला नाही. उलट खाली आणला. गल्लीत बसून बोलावं तसं ते गायला लागले. उमरेडच्या मोटरचं गाणं होतं, त्यांनीच रचलेलं:

उमरेडची मोटर आली, धूळ घेऊन आली,
माह्या मायच्या हातची भाकर बांधून आली...

एक पोस्टमन सायकलवरून चालला होता. त्यानं पाय टेकवला. मग दोन कॉलेजच्या पोरी थांबल्या. मग एक गावाकडून आलेली म्हातारी, तिच्या हातात पितळी कळशी. ती थांबली आणि तिथंच खाली बसली. आईनं माझा हात ओढला, चल वं, दुकान बंद होईन म्हणाली, भर दुपारी. दोन पावलं चालली आणि स्वतःच थांबली. आजवर गाणं म्हणजे भिंतीपलीकडचं, दार लोटल्यावर अर्धंमुर्धं ऐकू येणारं. इथे ते उघड्यावर बसलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होतं, बस थोडं. मला रडू आलं, खरंच आलं, आणि आईनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्यांची काम करायची एक रीत होती. चादर ते पुढे अंथरायचे नाहीत. पाठीमागे अंथरायचे, पिंपळाच्या बुंध्याशी. ज्याला काही द्यायचं त्यानं वळसा घालून मागे जायचं, ठेवायचं आणि निघून जायचं. गाणं संपेपर्यंत दोघंही वळून बघायचे नाहीत. मी पुढे एकदा काकांना विचारलं, असं काहून, तर म्हणाले, समोर चादर असली का डोळे चादरीवर जाते अन् गाणं खाली पडते. आणि काकू म्हणाली, ज्याच्यापाशी द्यायले नाही तोही निवांत आयकते.

परवा माझी नात मला फुटाळ्याला घेऊन गेली. तलावाच्या काठावर दोन पोट्टे गिटार घेऊन गात होते, छोटा स्पीकर, समोर गिटारची उघडी पेटी आणि तिच्या झाकणावर मोबाईलनं पैसे द्यायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद. छान गात होते हो, उगाच नावं कशाला ठेवू. पण मी आपली सवयीनं वळसा घालून त्यांच्या मागे गेले. मागे नुसतं कठड्याचं लोखंड. नात म्हणाली, आजी, कुठे चाललीस? मी म्हटलं, काही नाही, पाणी बघते.

शाळा सुरू झाली तशी माझी रोज त्या पिंपळाखालून ये-जा सुरू झाली, आणि लवकरच मी काकांच्या खोलीत गाणं शिकायला लागले. शिकायला म्हणजे त्यांनी म्हणायचं आणि मी मागून म्हणायचं. बाबांची दुपारपाळी असली की संध्याकाळी आई मला मोठ्यानं सांगायची, बेबी, जाय, काकूकडून पानं घेऊन ये. घरात मला बेबीच म्हणत. पानं आणायला मला दोन-दोन तास लागायचे आणि आई कधी विचारायची नाही की पानं कुठायत. काका कधी 'छान' म्हणाले नाहीत. मी चुकले की नुसती पेटी थांबायची. मग परत पहिल्यापासून. सुरुवातीला मी खूप मोठ्यानं गायची, तर म्हणाले, हळू म्हन. मोठ्यानं म्हटलं का मानूस सरकून जाते, हळू म्हटलं का जवळ येते. मी पुढे जन्मभर महापालिकेच्या शाळेत शिकवलं. तिथल्या साठ पोरांच्या वर्गावर ही युक्ती लागू पडली. बाई ओरडत नाहीत तरी वर्ग गप्प कसा, असं हेडमास्तर विचारायचे.

पावसाळा सरत आला. दीक्षेचा दिवस जवळ येऊ लागला की आमच्या वस्तीला भिंती रंगवायचं, झेंडे शिवायचं वेड लागायचं. गावोगावचे लोक येणार, आपल्या माणसांनी आपलं शहर बघायचं. आणि नेमकं तेव्हा कमिटीत श्रावणकाकांचा विषय निघाला. पिंपळाच्या मागच्या बाजूनं एक बोळ जायचा, मिलला जाणाऱ्यांचा तो जवळचा रस्ता. बाबा आणि कमिटीतले बाकीचे सायकलवरून तिथूनच जायचे. त्यांना मागून दिसायच्या त्या दोन वाकलेल्या पाठी, आणि त्यांच्यात आणि यांच्यात पसरलेली चादर. कुणीतरी वाकून तिच्यावर काही टाकतंय. गाणं ऐकायला त्यातला कुणी समोरून कधी गेलाच नव्हता. लाखो लोकांसमोर आपला माणूस रस्त्यावर चादर पसरून बसलेला दिसणार, हे त्यांना सहन होईना. आज त्यांना हसणं सोपं आहे. पण गावाच्या कडेला बसून जेवलेल्या माणसांना चादर कशी दिसत असेल, ते मी कोण सांगणार.

मग त्यांनी ठरवलं की श्रावणकाकांना इज्जतीचं काम द्यायचं. वर्गणी काढून वजनकाटा आणला. वर उभं राहून वजन करायचा, गोल काचेचा, ज्याच्यावर माणूस चढला की आत काटा फिरतो. तेव्हा बर्डीवर, स्टेशनवर असे काटे घेऊन लोक बसायचे आणि चार पैसे घेऊन वजन करू द्यायचे. बाबांनी तो द्यायच्या आदल्या दिवशी घरी आणून राखेनं घासून लख्ख केला. मला त्याच्यावर उभं केलं, आईला केलं. आई उतरताना म्हणाली, बापा, हा काटा खोटा हाय. विहारात कार्यक्रम झाला. श्रावणकाकांच्या गळ्यात हार घातला. बाबांनी भाषण केलं. आपला बांधव यापुढे कुणापुढे हात पसरणार नाही, मान ताठ ठेवून बसेल, असं म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. माझ्या बापाला त्या क्षणी खरंच वाटत होतं की आपण एका माणसाला वर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटी विहाराच्या कपाटात ठेवायची, पौर्णिमेला काकांनी विहारात गायचं, असंही ठरलं. कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे. काकांनी सगळ्यांना हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून येताना मला पिंपळाखाली काका दिसायचे, शेजारी काटा. चादर नाही, काकू नाही, पेटी नाही. लोक यायचे, चढायचे, उतरायचे. बायका हातातली पिशवी आधी खाली ठेवायच्या, मग चपला काढायच्या, मग कुणी बघत नाही ना बघून चढायच्या. एक जाडजूड दुकानदार रोज चढायचा आणि रोज चिडायचा. मी जाऊन काकांशेजारी बसायची. म्हणायची, काका, हळूच म्हणा ना, मी काही सांगणार नाही घरी. ते म्हणायचे, अभ्यास झाला का वं तुहा? आणि रस्त्याकडे बघत राहायचे. समोरून माणसं नुसती जात होती. वजनापलीकडे कुणी थांबत नव्हतं. मला बर्डी तेव्हा पहिल्यांदा कर्कश वाटली. घरी काकूनं ढोलकी खुंटीला टांगून तिच्यावर लुगडं टाकलं होतं, आणि आमच्या ओट्यावर ती मान खाली घालून विड्या वळायची. आई तिला हसवायचा प्रयत्न करायची. हसायचीही ती, पण आईला बरं वाटावं म्हणून.

मला बाबांचा राग यायचा, आणि राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही, कारण ते काही वाईट करत होते असं कुणालाच वाटत नव्हतं. सगळी वस्ती त्यांची पाठ थोपटत होती. वाईट माणसावर रागावणं किती सोपं असतं.

पौर्णिमा आली. वंदना झाली, कपाट उघडलं, पेटी काकांसमोर ठेवली. सतरंजीवर पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, लहान पोरं पुढे, सगळे शहाण्यासारखे मांडी घालून. काकांनी भाता हलवला. एक ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि थांबले. परत सुरुवात केली, परत थांबले. मग पेटी बंद केली आणि हळूच म्हणाले, माफी करा, येऊन नाही राहिलं. बाबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. तेव्हा काका म्हणाले, "तब्येत चांगली हाय, साहेब. पण हे सारे पयलेच बसले हायेत. मले त चाललेला मानूस थांबवाची सवय हाय." कुणाला त्यातलं फारसं काही कळलं नाही. कुणीतरी केळी वाटायला सुरुवात केली.

घरी आल्यावर बाबा शर्टाची घडी घालत होते. आईनं ताट वाढलं आणि समोर बसली. एरवी ती टोमणा मारायची तेव्हा तिचा आवाज चढायचा. त्या दिवशी चढला नाही. म्हणाली, "तुमी त्या मानसाले वर नाही काढलं, सेक्रेटरीसाहेब. बसवून टाकलं." बाबा संतापले. चादर पसरून भीक मागत होता तो, म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं. आई म्हणाली, मी समोरून पाह्यलं हाय, तुमी पाह्यलं का? आणि भाताचं पातेलं उचलून आत गेली. बाबांच्या ताटातल्या वरणावर साय धरली.

रविवारी मिल बंद. बाबा सकाळीच मला म्हणाले, चाल बेबी, आणि सायकलच्या दांडीवर बसवून बर्डीला घेऊन गेले. बोळाकडून नाही, मोठ्या रस्त्यानं. पिंपळासमोर आल्यावर उतरले आणि काट्याजवळ उभे राहिले. श्रावणकाका धडपडत उठले. बाबांनी त्यांना बसवलं आणि स्वतःही खाली बसले, तो इस्त्रीचा शर्ट घालून, धुळीत. मग विचारलं की चादर कुठे अंथरायचे तुम्ही. काकांनी मागे बोट दाखवलं. बाबांना कळेना. मागे? मागे काहून? मग मीच सांगितलं, भीतभीत, ती सगळी रीत. बाबा उठून बुंध्यामागे गेले, तिथून बोळाकडे बघितलं, परत पुढे आले. आपण रोज कुठून बघत होतो हे त्यांना कळलं असावं. चेहरा पडला त्यांचा.

"मंग तुमी तवाच काहून नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हार घातला ना तुमी गळ्यात," श्रावणकाका म्हणाले. "जनमात पयल्यांदा कोनी घातला. नाही कसं म्हनू?"

बाबा काट्याच्या काचेवर साचलेली धूळ बोटानं पुसत बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. काकांकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. रस्त्याकडे बघत बोलत होते.

"माह्या बापानं डफडं विहिरीत टाकलं. बरोबर केलं त्यानं. आजही कोनी इचारलं त मी बरोबरच म्हनीन. पण श्रावणभाऊ, मले गंज आवडे वाजवनं, लय आवडे. रातभर वाजवलं तरी हात दुखे नाही. लोकाच्या दारात वाजवनं नोको होतं मले. पण वाजवनं पाह्यजे होतं. अन् मले कोनी इचारलंच नाही, का पोरा, तुले काय वाटते. अन् आता मीही तुमाले इचारलं नाही."

श्रावणकाकांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढंच. एक बाई वजन करायला आली होती, ती या दोघांना तसं बसलेलं बघून पुढे निघून गेली. मी माझ्या बापाला तोवर कधी लहान मूल म्हणून डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. त्या दिवशी आणलं, आणि मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू.

काकांना तिथेच बसवून आम्ही वस्तीत परतलो ते थेट विहारात. बाबांनी कपाट उघडलं, पेटी काढली आणि सायकलच्या कॅरियरवर दोरीनं बांधली. रविवार, त्यामुळे ओट्यावर सगळी कमिटी पेपर वाचत बसलेली. ज्या माणसानं भाषण केलं होतं तोच पेटी घेऊन निघालेला बघून सगळे उठून उभे राहिले. कुठी नेऊन राहिले पेटी, कुणीतरी विचारलं. बाबा म्हणाले, ज्याची हाय त्याले द्यायले. त्यावर खजिनदार पुढे आले. बाबांपेक्षा वयानं मोठे, बाबांना मान देणारे. त्यांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कमिटीले इचारलं का?"

"नाही," बाबा म्हणाले. "काटा देतानी त्याले तरी कोन इचारलं होतं?"

खजिनदारांनी हात काढला. पुढच्या मीटिंगला बाबांचं सेक्रेटरीपद गेलं, हेही सांगून टाकते. भांडण झालं नाही, नुसतं दुसऱ्याचं नाव सुचवलं गेलं. पण ते घडायचं होतं ते बाबांना त्या ओट्यासमोरच ठाऊक होतं, आणि तरी ते सायकल ढकलत निघाले. दीक्षेच्या दिवसाची तयारी चालू होती, गल्लीभर निळ्या पताका. त्यांच्या खालून आम्ही गेलो, बाबा सायकल धरून, मी मागून पेटीला आधार देत, आणि गल्लीच्या टोकाला काकू. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं पेटी बघितली, आत गेली, ढोलकीवरचं लुगडं बाजूला केलं आणि ढोलकी खांद्याला लावून पायात चप्पल न घालताच चालू लागली.

पिंपळाखाली काकूनं काटा उचलून बाजूला सरकवला. काकांनी पेटी मांडीवर घेतली, भात्यावरून हात फिरवला, एकेक पट्टी दाबून बघितली. काकूनं ढोलकीची दोरी ओढून घेतली आणि मग ढोलकी जराशी पुढे सरकवून बाबांकडे बघितलं. डफड्याची गोष्ट तिला आईकडून ठाऊक होती; ती काय विचारत होती हे मला कळलं, बाबांनाही कळलं. ते मान हलवून म्हणाले, नाही, वहिनी, सोडलं ते सोडलं. काकूनं एकदा मान डोलवली आणि ढोलकी स्वतःच्या मांडीखाली दाबून धरली.

काकांनी सूर धरला. बर्डी आपली चालूच होती, घंट्या, हॉर्न, पायरीवरचे नोकर. सूर धरूनच काकांनी विचारलं, "कोनतं म्हनू, साहेब? आज तुमी सांगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. विहारात तासतासभर बोलणारा माझा बाप, त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. पेटीचा सूर तसाच चालू होता. काका थांबायला तयार होते, काकूही.

"मले त एकाही गाण्याचं नाव येत नाही, श्रावणभाऊ," बाबा म्हणाले. "तुमी म्हना. मी थांबतो."

आणि त्यांनी सायकल स्टँडवर लावली.